शाईपेन सारखं अडतंय? निबेला हात लावायच्या आधी एवढं बघा

"सर, पेन चालंना."

हे वाक्य आठवड्यातनं दोन-तीनदा तरी माझ्या कानावर येतंच. जुळे सोलापुरात मी नववी-दहावीची गणिताची शिकवणी घेतो, स्वतः कायम शाईपेननं लिहितो, ते बघून एका पोरानं घेतलं, त्याचं बघून त्याच्या शेजारच्यानं, आणि आता निम्मी बॅच निळ्या बोटांची झालीय. पालकांना वाटतं सरांनीच नादाला लावलं. असू दे. पण त्यामुळं झालंय काय की गृहपाठाच्या वह्यांबरोबर बंद पडलेली पेनंही माझ्याच टेबलावर जमतात, आणि रोग थोड्याफार फरकानं सगळ्यांचा तोच, म्हणून म्हणलं एकदा नीट लिहूनच टाकावं.

एक गोष्ट आधीच सांगतो. पेन अडलं की पोरं पहिल्यांदा निब दाबतात, मग वाकवतात, मग फटीत ब्लेड घालतात. हे अगदी उलटं झालं. निबेचं काम सगळ्यात शेवटचं, कारण ते एकदा बिघडलं की परत फिरत नाही. शाई, पाणी, टोपण, कागद यांत कितीही चुका केल्या तरी दुसऱ्या दिवशी सुधारता येतात. माझ्याकडं आलेली जी पेनं खरोखर कामातनं गेली ती बहुतेक घरच्या दुरुस्तीनंच गेली.

आधी लक्षण ओळखा. रात्री चांगलं चालणारं पेन सकाळी उठत नाही, दहा-बारा रेघोट्या मारल्यावर जागं होतं, म्हणजे निबेवर शाई वाळतीय. पान-दीड पान चालतं, मग फिकं फिकं होत थांबतं आणि जरा बाजूला ठेवलं की परत चालतं, म्हणजे शाई वरनं खाली पुरेशी येत नाहीय. अक्षराची पहिली रेघ उमटतच नाही, बाकीची येते, किंवा पानाच्या एका ठराविक जागीच अडतं, तर आधी कागदावर संशय घ्या. टोपण उघडलं की आत शाईचा चिखल, निबेवरनं थेंब गळतोय, हा बहुतेक उन्हाचा नाहीतर कमी शाईचा प्रकार. कागद खरखर ओरबाडतं, तर निबेचे दोन पाय, म्हणजे मधल्या फटीच्या दोन बाजू, खालीवर झालेत. आणि अक्षर फुटतं, पलीकडच्या बाजूला उमटतं, तर पेनाला बोल लावू नका, वही बदला.

आता ही कटकट होते कशी ते दोन ओळींत. निबेच्या खाली जी काळी जीभ असते, फीड म्हणतात तिला, तिच्यात बारीक चर असतो. शाई त्यातनं खाली उतरते आणि तेवढीच हवा वर जाते. हवा वर गेली नाही तर शाई खाली येत नाही, पाण्यानं भरलेली बाटली एकदम उलटी केल्यावर गुडगुड थांबते ना, तसंच. लुईस वॉटरमननं १८८४ मधे ज्या फीडचं पेटंट घेतलं त्याची करामत हीच. म्हणजे ह्या केसाएवढ्या चरात काहीही अडकलं, वाळलेली शाई म्हणा, कारखान्यातलं तेल म्हणा, पाण्यातला क्षार म्हणा, की पेन बंद. पुढची सगळी तपासणी ह्या एका चरासाठीच आहे.

फुकटातलं आधी

शाई आहे का बघा. हसू नका, दर महिन्याला एक तरी पेन रिकामं निघतं. कन्व्हर्टर, म्हणजे मूठ फिरवून शाई ओढायची आतली नळी, अपारदर्शक असला तर कळत नाही, आणि साधारण कन्व्हर्टरमधे एक मिलीसुद्धा शाई मावत नाही, गणिताचे दोन-तीन धडे सोडवले की संपली.

शाई आहे पण कन्व्हर्टरच्या वरच्या टोकाला चिकटून बसलीय आणि निबेकडची बाजू रिकामी, असंही होतं. पेन निब खाली धरून बोटानं दोन टिचक्या मारा, शाई उतरली की प्रश्न मिटला. नाही उतरली तर बॅरल, म्हणजे पेनाचं मागचं नळकांडं, काढून कन्व्हर्टरची मूठ अगदी हळू फिरवा, निबेवर एक थेंब दिसेपर्यंतच, म्हणजे चर ओला होतो आणि अडकलेली हवा निघते. हे करताना खाली जुना कपडा ठेवा. मी एकदा पलंगावर बसून केलं आणि थेंब गेला आईच्या कोऱ्या चादरीवर. सोलापुरात राहून चादरीवर शाई सांडणाऱ्याला घरात काय ऐकावं लागतं ते लिहीत नाही.

मग कागद. ही तपासणी कुणी करत नाही आणि आपल्याकडं तर ती हमखास लागू पडते. एक मुलगी तक्रार घेऊन आली की पेन उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यातच अडतं, वर झकास चालतं. वही तिरकी धरून उजेडात बघितली तर त्या कोपऱ्यात बोटाएवढा चकचकीत डाग. डबा खाऊन आली होती, भाकरी आणि शेंगाचटणी. शाई पाण्याची, कागदाला लागलंय शेंगदाण्याचं तेल, कसं उमटणार? उन्हाळ्यात तळहाताच्या घामानंही हेच होतं. लिहिणाऱ्या हाताखाली एक टीपकागद नाहीतर साधा कागद सरकवत राहा. दुसऱ्या वहीच्या कोऱ्या पानावर पेन नीट चाललं तर इथंच थांबा, पुढचं वाचायची गरज नाही.

पेन धरायची पद्धतही बघा. बॉलपेनची सवय असलेली पोरं पेन उभं धरून जोर लावतात. निबेची चकाकती बाजू वर हवी, पेन तिरकं कलतं हवं, आणि जोर अजिबात नको, पेन स्वतःच्या वजनानं चाललं पाहिजे. जोर लावला की निबेचे पाय फाकतात, आज नाही तर सहा महिन्यांनी.

टोपण

सकाळी न उठणाऱ्या पेनांसाठी हीच खरी जागा. एप्रिल-मे मधे आपल्याकडं पारा ४२ च्या पुढं जातो, हवा कोरडी ठक्क, वाळत घातलेला टॉवेल अर्ध्या तासात कडक होतो तिथं निबेवरच्या शाईची काय कथा. टोपण जरा जरी हवा खात असलं तर रात्रीतनं निब कोरडी. काही टोपणांना वरच्या बाजूला मुद्दाम भोक ठेवलेलं असतं, चुकून लहान मुलानं गिळलं तर श्वास कोंडू नये म्हणून, आणि हवाबंद करायला आत वेगळं छोटं टोपण असतं. ते आतलं टोपण तडकलं की संपलं.

तपासायची युक्ती फुकट आहे. रात्री टोपण घट्ट लावा, जोडावर आणि भोकावर सेलोटेप गुंडाळा, पेन उभं ठेवा आणि सकाळी लिहून बघा. टेप लावून पहिल्या झटक्यात चाललं आणि टेपशिवाय अडलं, तर दोष टोपणाचा. मग नवं टोपण मिळतं का बघा, नाहीतर टेपवरच संसार करा. मी स्वतः एका पेनावर दोन उन्हाळे टेपच वापरतोय. घरात लहान मूल असेल तर मात्र टेप लावलेलं पेन त्याच्या हाताला लागेल असं ठेवू नका.

धुणं, म्हणजे खरं औषध

वरचं सगळं करून भागलं नाही तर पेन धुवा. खर्च काय, मेडिकलमधनं एक सिरिंज, सुई नको, आणि एक स्टीलची वाटी.

नवं कोरं पेनही भरायच्या आधी एकदा धुवायचंच. फीड आणि निब बनवताना लागलेलं तेल त्या चरात राहतं आणि पाण्याची शाई तिथं घसरते, म्हणून पुष्कळ नवी पेनं पहिल्या दिवसापासनं अडखळतात आणि लोक दुकानदाराच्या नावानं बोटं मोडतात. पेलाभर पाण्यात भांड्याच्या लिक्विड साबणाचा एक थेंब, एकच, फेस करायचा नाहीय, आणि त्या पाण्यानं कन्व्हर्टर चार-पाच वेळा भरायचा-सोडायचा. मग साध्या पाण्यानं तेच, साबणाचा अंश निघेपर्यंत, कारण साबण उरला तर शाई पातळ होऊन फुटायला लागते.

जुनं, शाई वाळलेलं पेन असेल तर निब आणि तिच्या मागचा पकडायचा भाग रात्रभर साध्या गार पाण्यात बुडवून ठेवा. सकाळी पाणी निळंशार झालेलं असतं. ते टाका, परत ठेवा. मग सिरिंज त्या भागाच्या मागच्या भोकाला लावून हळू पाणी ढकला, निबेतनं बाहेर येईल. पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग ओल्या निबेला टीपकागद लावून उभं ठेवा, कागदावर निळा डाग पसरला तर अजून आत शाई आहे, परत धुवा. एका पेनाला मला चार दिवस लागले होते, शिवजयंतीच्या सुट्टीत सुरू केलं आणि शाळा उघडल्यावर संपलं, पण अजून चालतंय ते.

पाणी कुठलं, हा सोलापूरचा खास प्रश्न. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून घरोघर बोअरचं पाणी वापरात, आणि बोअरचं पाणी किती जड असतं ते आपल्या बादल्यांवरचा पांढरा थर बघून कळतं. तोच थर त्या केसाएवढ्या चरात बसतो. एकानं आणलेलं पेन मी उघडलं तर फीडच्या खाचांत शाई नव्हतीच, पांढरी भुकटी होती, आणि पोरगं शपथेवर सांगत होतं, "सर, मी तर दर रविवारी धुतोय की!" दर रविवारी बोअरनं धूत होता आणि गच्चीवर उन्हात वाळवत होता. पहिले हात नळाच्या पाण्यानं चालतील, पण शेवटचे दोन हात आरओच्या नाहीतर बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरनं करा. बाटलीवर डिस्टिल्ड वॉटर लिहिलंय ना बघून घ्या, बॅटरीचं ॲसिड वेगळं असतं. आणि सावलीत वाळवा.

उकळतं पाणी कधीही नाही. हे मी स्वतःच्या पैशानं शिकलोय, म्हणजे वडिलांच्या. दहावीला बरे मार्क पडले म्हणून त्यांनी मला पेन घेऊन दिलं होतं, ते वर्षभरानं अडायला लागलं तर मी हुशारी करून ते चहाच्या पातेल्यात उकळलं. बाहेर काढलं तेव्हा फीड केळ्यासारखी वाकली होती. निब तशीच चकचकीत, पण फीड तिला टेकेचना. ते पेन अजून कपाटात आहे. स्पिरिट, सॅनिटायझर, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर हेही नाही, प्लास्टिक पांढरं पडतं नाहीतर तडकतं.

शाई बदलून बघा

धुतलं, वाळवलं, परत तीच शाई भरली आणि परत तेच, तर दौतीत बघा. उन्हाळ्यात झाकण सैल राहिलं की शाईतलं पाणी उडतं आणि ती काकवीसारखी दाट होते. अशा दौतीत थोडं डिस्टिल्ड वॉटर थेंब-थेंब घालून चालतं. पण वर साय आल्यासारखा तवंग दिसला किंवा कुबट वास आला तर बुरशी आहे, दौत फेकून द्या आणि त्या शाईतलं पेन साबणाच्या पाण्यानं नीट धुवा. जीव हळहळतो, पण फेकाच.

पहिल्या पेनाला साधी रॉयल ब्लू घ्या. कॅम्लिनची घ्या, पार्करची क्विंक घ्या, त्यात फार डोकं लावू नका. ही शाई पाण्यात सहज सुटते, म्हणजे चुकून वाळली तरी धुऊन निघते, आणि पहिल्या वर्षी चुका होणारच असतात. न पुसणाऱ्या काळ्या शाया, ज्यांत रंगाची भुकटी असते, त्या रोज लिहिणाऱ्यासाठी ठीक. परीक्षा झाली की पेन महिनाभर दप्तरात टाकणाऱ्यानं त्यांच्या नादी लागू नये. चमकीवाल्या शाया दिसायला झकास, पण ती चमकी चरातच जाऊन बसते. चित्रकलेची वॉटरप्रूफ इंक आणि शिक्क्याच्या पॅडची शाई, ही दोन तर पेनात कधीच घालायची नाहीत. पहिली वाळली की वार्निशसारखी घट्ट होते आणि मग कुठलंच पाणी तिला हलवत नाही. दुकानात नुसतं "काळी शाई द्या" म्हणलं की पोऱ्या हाताला येईल ती बाटली देतो, तेव्हा फाऊंटन पेनची आहे का वाचूनच पैसे द्या.

दोन शाया एकत्र करायच्या नाहीत. निळी संपत आली, वरनं काळी ओतली, असं सर्रास करतात. काही शायांचं एकमेकींशी पटत नाही आणि तळाशी गाळ बसतो. रंग बदलताना मधे धुवा.

आमचे वडील शाईची पुडी पाण्यात कालवून वापरायचे, कॅम्लिनची सुरुवातसुद्धा १९३१ मधे हॉर्स ब्रँड नावाच्या शाईच्या पावडरी आणि टिकल्यांनीच झाली होती. ऐकायला गोड वाटतं, पण घरात जुनी पुडी सापडली तर ती आठवण म्हणून ठेवा, बोअरच्या पाण्यात कालवून पेनात घालू नका.

भरण्यातही चूक होते. निब दौतीत नुसती टेकवून भागत नाही, निब आणि फीड पूर्ण बुडली पाहिजे, निबेच्या मागच्या टोकापर्यंत, नाहीतर शाईबरोबर हवा येते. मूठ फिरवून ओढा, सोडा, परत ओढा, दोन-तीनदा. भरल्यावर पेन बाहेर काढून दोन-तीन थेंब परत दौतीत सोडा आणि मग निब वर करून मूठ थोडी मागं घ्या, म्हणजे फीड तुडुंब राहत नाही आणि पहिल्याच ओळीत डबकं पडत नाही. मग पुसा. कार्ट्रिजवाल्यांनी, म्हणजे शाई भरलेली तयार नळी घालणाऱ्यांनी, एवढंच बघायचं की कार्ट्रिज सगळ्या पेनांना एकच नसते. पार्कर, लॅमी, पायलट यांच्या ज्याच्या त्याच्या वेगळ्या, जबरदस्तीनं खुपसली की पेनाच्या आतली नळी तुटते.

गळणाऱ्या पेनांचं इथंच सांगतो. ड्रॉपरनं सरळ नळीत शाई भरायची जी पेनं असतात, त्यांत शाई पाव-एक उरली की वरच्या रिकाम्या जागेतली हवा हाताच्या उबेनं फुगते आणि शाईला खाली ढकलते, वहीवर थेंब. हा बिघाड नाही. शाई तिसरा हिस्सा राहिली की परत भरा. आट्यांतनं गळत असेल तर तिथं सिलिकॉन ग्रीसचा अगदी बारीक हात द्या, व्हॅसलीन नको, त्यानं रबरी रिंग फुगून खराब होते. आणि मे महिन्यात पेन गाडीच्या डिकीत ठेवणारे महाभाग आहेत, त्यांना काय सांगायचं? एकाची डिकी, दप्तर आणि आरसी बुकाची झेरॉक्स सगळं निळं झालं होतं. पेन खिशात ठेवा, निब वर करून.

निब, आणि कुठं थांबायचं

आता राहिली खरखर. घड्याळवाला डोळ्याला लावतो तसलं भिंग घ्या, नाहीतर मोबाइलच्या कॅमेऱ्यात झूम करा, आणि निब समोरून बघा. टोकाचा तो बारीक मणी दोन भागांचा असतो. दोन्ही एका पातळीत असले तर निबेला हात लावायचा नाही. एक किंचित वर असेल तर वरच्या पायाला नखानं अगदी हलकं खाली दाबायचं, दोन सेकंद, सोडायचं, परत भिंगातनं बघायचं. तीनदा करून जमलं नाही तर चौथ्यांदा करायचं नाही. फटीत कागदाचा तंतू दिसला तर तो पातळ प्लास्टिकच्या पट्टीनं निबेच्या भोकाकडनं टोकाकडं हळूच ओढून काढा. ब्लेड नाही, टाचणी नाही. ब्लेडनं फटीच्या आतल्या कडेला चरा पडतो आणि मग शाई नको तिथं जाऊन बसते. पॉलिशपेपरवर गोल गोल घासायचे व्हिडिओ फिरतात, ते बघून दोन पोरांनी निबेचा मणीच घासून टाकला.

निब आणि फीड ओढून बाहेर काढायचं तर ज्या स्वस्त पेनात ती नुसती दाबून बसवलेली असते तिथंच, ओल्या फडक्यानं धरून, सरळ ओढून, न पिळता. सहज आली तर ठीक. जोर लावावा लागतोय असं वाटलं की सोडा.

आणि ही पेनं मी मुळीच उघडत नाही: सोन्याची निब असलेलं, आजोबांचं वगैरे जुनं, ज्याच्या आत रबरी पिशवी असते असं, ज्याच्या नळीला तडा गेलाय असं, खाली पडून निब वाकलेलं, आणि मणी झिजलेलं. नीट बसलेली निब, धुतलेली फीड, बदललेली शाई, सगळं होऊन तरी दर अक्षराची पहिली रेघ चुकते, तर तो मण्याच्या घडणीचा दोष असतो आणि ते निब घासणाऱ्या जाणकाराचंच काम. वॉरंटी असेल तर आधी तिकडं पाठवा, घरी उघडलेलं पेन ते घेतीलच असं नाही. गावात एखादा जुना पेनवाला सापडला तर उत्तम, पण त्यानं भिंग न लावताच पक्कड हातात घेतली तर पेन परत मागून घ्या. नाहीतर पुण्याला कुणी जाणारं असेलच, सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं जाऊन रात्री परत.

देताना पेन रिकामं करून, धुऊन द्या, कुठली शाई वापरत होता ते चिठ्ठीवर लिहा, आणि ज्या वहीवर ते अडतंय त्या वहीचं एक पान सोबत द्या. शेंगाचटणी न लागलेलं.